बॉबिन

माप घेतलंय मी त्याचं, सवयीनं :
मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत चौदा इंच,
छाती सतरा, गळा दहाला थोडा कमी.
पाय मात्र उरलेल्या तुकड्यात
भागवलेत कुणीतरी.

आई बेदमुथा वकिलांची पॉमेरियन, गादीवर झोपणारी.
बाप एसटी स्टँडमागचा.
त्याला सगळं देवपूर ओळखतं, नाव कुणी घेत नाही.
मग हा : अंग बदामी, पाठीवर काळा धावदोरा,
एक कान उभा,
दुसरा मोडलेला, टीप राहून गेलेल्या कॉलरसारखा.
खालचा एक दात ओठाबाहेर,
त्यामुळे रागावला तरी हसल्यासारखा दिसतो,
आणि रागावतो फार.

मशीन चालू असेल तोवर पायडलमागे घोरतो.
थांबली की एक डोळा उघडतो :
दोरा तुटला? की कोणी आलं?
चपला आल्या तर शेपटी, बूट आले तर भुंकणं.
मीटर बघायला येणाऱ्या सोनजेदादावर जुना राग.
उंची घोट्याएवढी,
आवाज पार पारोळ्यापर्यंत.

मे महिन्यात पहाटे साडेपाचलाच पांझरेच्या काठानं जातो.
उशीर झालाच तर
मी चप्पल काढून तळवा डांबरावर टेकवते,
दहापर्यंत मोजते.
मला सोसलं तर त्याला.
दुपारी माठाखालची ओल त्याची,
तिथं पोट टेकवून पडतो,
गोणपाट वाळलं की माझ्याकडे बघतो.

सगळे म्हणाले, केस काप की त्याचे, शिवणारी ना तू!
कात्री हातात घेतलीही होती.
दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, नका कापू,
ते अस्तर आहे, ऊन बाहेर ठेवतं.
अस्तर म्हटल्यावर कळलं मला.
आता नुसती फणी, एक दिवसाआड.
कानामागच्या गुंत्याला आधी बोटं,
गोचीड दिसली तर चिमटा, सरळ ओढायचा,
पिरगाळायचा नाही.

खाण्याचं अवघड आहे.
शेवभाजीचा वास आला की असा बसतो
जणू सात पिढ्यांचा उपाशी.
एकदा शेजारच्या हौसाबाईंनी रस्सा घातला, प्रेमानं.
रात्रभर मी आणि तो मोरीत.
कांदा नाही, लसूण नाही, बिनमिठाची भाकरी, अंडं.
हौसाबाई अजून म्हणतात, बिचारा.

कानबाईच्या मिरवणुकीत वाजायला लागलं
की ब्लाउजांच्या गाठोड्यात शिरतो.
यंदा मी गल्लीच्या तोंडापर्यंतच गेले,
हात जोडले, माघारी आले.
कानबाईला समजलं असेल.

रेबीजच्या सुईला सरकारी दवाखान्यात गेलो.
खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेला माणूस.
नाव? बॉबिन.
वय? असेल चार.
जात?

ओळखते मी हा प्रश्न.
गल्ली नंबर सहात खोली बघायला गेलो
तेव्हा मालकानं विचारला, मग आतून मालकिणीनं.
बाळंतपणात नर्सनं.
ह्यांच्या दहाव्याला तर दोन्ही बाजूंनी,
कारण आम्ही दोन ठाणांतले,
एका शिवणीवर पस्तीस वर्षं काढली.

बाई, म्हणजे पॉम की गावठी?
रकाना रिकामा चालत नाही.

मी म्हटलं, लिहा धुळ्याचा.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, ह्याच्याकडे पाहिलं
(हा त्याच्या टेबलाच्या पायावर
तंगडी वर करायच्या बेतात)
आणि लिहिलं, मिश्र.
अक्षर बरं होतं.

कागद मशीनच्या खणात आहे,
सुया, चॉक आणि वीजबिलाजवळ.
पुढची सुई वर्षानं.
नखं मात्र आजच कापायची आहेत,
आणि हा पलंगाखाली, भिंतीला लागून.
गिऱ्हाइकांशी मी पुस्तकातलं बोलते,
ह्याच्याशी नाही जमत.
आठे ये रे, म्हणते, काहीच करस नही मी.

माझ्या हातातलं नेलकटर
त्याला तिथूनही दिसतंय.