तुला काय काय येतं?

मंगळवारी संध्याकाळी डुलुथच्या लायब्ररीत,
तळमजल्यावर, हीटर खडखडत असताना
मार्लिस ओयाला म्हणाली, पुस्तक मिटा.
वस्तूलाच विचारा.
तिचं नाव, मग टिंब, मग मेथड्स.
ती लाजत नाही.

मी एक ऑर्डर बनवली होती,
अजून न उघडलेल्या माझ्या लोणच्याच्या दुकानाची.
दोन बरण्या, एक पत्ता, तारीख.
एवढंच घातलं होतं मी तिच्यात.
एंटर दाबलं
आणि वारूळ फुटावं तशी नावं,
पडदाभर, खाली, आणखी खाली, थांबेचनात.
सेव्ह. रीलोड. डिस्ट्रॉय.
काहींच्या शेपटीला प्रश्नचिन्ह,
काहींच्या उद्गारचिन्ह, म्हणजे जरा जपून,
मनासारखं झालं नाही तर आदळआपट करतात.
(असली माणसं आमच्या घरातही होती.)

अगं, दोन बरण्या दिल्या होत्या तुला.
हे सगळं कुठून शिकलीस?

इचलकरंजीत, सत्त्याण्णव साली,
कुणाच्या तरी आत्याबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं,
मुलीला काय काय येतं?
मी समोरच बसले होते.
उत्तर आईनं दिलं:
भाकरी, भरतकाम, टायपिंग चाळीस.
यादी संपली, बशा उचलल्या गेल्या.
पुरात नाही, पण एरवी
पंचगंगा आडवी पोहून जाता येते मुलीला,
हे कुणी छापलं नाही.
मार्लिस म्हणते, खाजगी असतं ते यादीत येत नाही.
आतून हाक मारली तरच धावतं.

आता वजा कर, ती म्हणाली,
आईबापांकडून आलेलं सगळं.
एक आडवी रेघ, आणि वारूळ ओसरलं.
उरली चार-पाच नावं.
त्यातलं एक मीच लिहिलेलं,
गेल्या आठवड्यात, रात्री दीडला, अर्धवट झोपेत,
आणि साफ विसरलेलं:
बरणी_फुटली?

बाहेर खनिजाच्या बोटीनं भोंगा दिला,
एक लांब, दोन आखूड.
पुलानं तस्साच परत दिला
आणि अंग उचलायला लागला.
वर्गात कुणी मान वर केली नाही.

निघता निघता गंमत म्हणून निलला विचारलं.
निल म्हणजे काहीच नाही.
महिनाभर मला रडवलेलं काहीच नाही,
प्रत्येक लाल ओळीच्या टोकाला बसलेलं.
तुला रे काय येतं?
वाटलं होतं, गप्प राहील.
शंभरावर नावं सांगितली त्यानं.
मी मोजली. मार्लिस दिवे बंद करत होती.

पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवर हिम.
प्लॅस्टिकची खरवडणी घेऊन उभी राहिले.
भाकरी, वजा.
भरतकाम, वजा, तेही आईचंच.
टायपिंग राहू दे.
काच खरवडता येते.
हे माझं. लिहून घ्या.