टक्के आणि टोणपे

ईरी सरोवरावरून बर्फ आडवा येतो.
आमच्या तळघराच्या खिडकीतून फक्त येणारेजाणारे बूट दिसतात.
मी तक्ता भरते आहे:
माजी विद्यार्थी, दर शेकडा किती देतात.

टेकडीवरचं छोटं कॉलेज,
सतराशे मुलं, बदकांचं तळं,
बाकाबाकावर कुणाच्या तरी आजोबांचं पितळी नाव:
एकेचाळीस.
पूर्वेकडचं जुनं विद्यापीठ, ज्याला खरं तर गरजच नाही:
अठ्ठावीस.
आमचं, सरकारी,
पार्किंगच्या भांडणांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध:
साडेतीन.
आणि बसडेपोमागचं कम्युनिटी कॉलेज:
आडवी रेघ.

रेघ म्हणजे शून्य नव्हे.
रेघ म्हणजे कुणी विचारलंच नाही.

आमचा डॅरिल प्रुइट म्हणतो, एकेक डॉलर मागा.
रक्कम राहू दे, डोकी वाढवा,
साडेतीनाचे पाच झाले की वरचे खूश.

संध्याकाळी मुलं फोनवर बसतात.
कीआना, दुसरं वर्ष, तिचीच फी दोन महिने थकलेली,
कागदावरचं वाचून दाखवते
लोर्ना विशिन्स्कीला. नर्सिंग, दोन हजार नऊची बॅच.
पलीकडून हसू येतं:
पोरी, मी अजून कर्ज फेडतेय.

देणं आणि देणगी.
एकाच धातूची दोन भांडी,
एकाला भोक.

पण लोर्ना फोन ठेवत नाही.
विचारते, तिसऱ्या मजल्यावरचं ते सूपचं मशीन
अजून नाणी गिळतं का?
हो, कीआना म्हणते, कालच माझी गिळली.
मग मी दिलेत की गं! चार वर्षं, पाऊण पाऊण डॉलर!
दोघी हसतात, कितीतरी वेळ,
आणि मी रकाना शोधते.
नकार, कारण क्रमांक सहा.
टक्क्यांसाठी जागा आहे,
टोणप्यांसाठी नाही.

घरी जाताना बसमध्ये फोन उघडते.
इचलकरंजीच्या पॉलिटेक्निकचा ग्रुप.
भाऊसो मगदूम, आमच्या वर्कशॉपचे,
अकरा महिन्यांपूर्वीचा निरोप:
जुनं लेथ मशीन बंद पडलंय, यथाशक्ती पाठवा.
मी वाचला होता.
त्या दोन निळ्या खुणा अजून तशाच आहेत,
न फेडलेल्या.

मला कुणी विचारलं नाही, असं मला म्हणता येत नाही.

हातमोजा दातांनी ओढून काढते. आधी पैसे पाठवावेत
की काहीतरी लिहावं, ठरत नाही.
सवयच लागली आहे, म्हणून लिहिते:
सर, एकूण किती टक्के लोकांनी दिले?

तिकडे पहाट. तरी लगेच उत्तर येतं.
मोजलं नाही बाई.
मशीन आलं.

खाली एक फोटो: निळं धूड,
अर्धं अजून प्लॅस्टिकमध्ये,
चकवर झेंडूचं एक फूल,
आणि कोपऱ्यात कुणा पोराचा हात,
बटणाकडे निघालेला.