गोठ्यातली नाचणी

बाळयेशूच्या गोठ्यात मांडायला
दुधाच्या डब्यात नाचणी पेरली होती. बोटभर आलेली.
काल नीलव्वाची शेळी येऊन खाऊन गेली.
फ्लोरिनआत्ते भांडली, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत,
शिव्या तेवढ्या कोकणीत.
अख्ख्या खानापुराला कळलं.

टेलर म्हणतो, सोमवारी देतो की.
कुठला सोमवार ते सांगत नाही.
कुळकुळं वळायला काटा एकच, त्याचाही एक दात मोडका.
सांतानचा मडगावहून फोन नाही,
रविवारपासून.
मी कामट्यांवर पतंगाचा कागद चिकटवतेय;
चांदणीचं पाचवं टोक काही बसत नाही.

संध्याकाळी नीलव्वा दारात.
ओच्यात मूठभर नाचणी.
न बोलता ठेवून गेली.

उगवून बोटभर यायला आठ दिवस लागतात.
हातात सात.
आत्तेनं तरी डबा घासायला घेतला.