बू दर्याचा जुना पत्ता

सकाळी क्लिनिकच्या तळघरात पाणी शिरलं
आणि मी रात्री जागून बसवलेल्या सतरा मेणाच्या कवळ्या
टेबलावरून उठून तरंगायला लागल्या.
डॉक्टर फोनवर म्हणाले, हेमांगी, आज येऊ नकोस.
बरं, म्हटलं, आणि चपला हातात घेतल्या.

मनामात पाऊस वर्षातून चारपाचदा येतो, जानेवारीत,
वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा.
त्याला बसायला कुणी काही ठेवलेलंच नसतं,
पन्हळ नाही, पागोळी नाही, गटारं जेमतेम.
मग पिवळे टँकर येतात,
डबक्यात सोंड सोडून दिवसभर पीत राहतात.

सोनारगल्लीत शटरं अर्ध्यावर.
भाटियांच्या देवळापाशी झेंडू विकणारा
स्वतः भिजत होता, झेंडूवर प्लास्टिक.
पुढे मुरादची भट्टी. त्यानं गरम रोटीवर
महियावा फासला, मासे आंबवून केलेला, तपकिरी, मोहरी घातलेला,
आणि वास थेट देवगडच्या बंदरावरल्या सुकटीचा!
मी उभ्याउभ्याच दोन खाल्ल्या.
तिसरी कागदात बांधून दिली त्यानं,
पैसे नको म्हणाला. पाऊस आहे, म्हणाला,
जणू पाऊस म्हणजे सण.

हाजी मकीच्या दुकानात मात्र अर्क.
दारू नव्हे हो. पुदिन्याचा, गुलाबाचा,
खजुराच्या फुलोऱ्याचा, तांब्याच्या भांड्यातून थेंबथेंब उतरवलेला.
एका बाटलीचं बूच काढून त्यानं नाकाशी धरली :
मरवा.
आईच्या वेणीतला, सुकून गेल्यावरही सोडवत नाही तो.
हाजी स्वतःच एक अर्क. हिंदी फर्डी,
बाप मोती विकायला मुंबईला जायचा, तिकडून आणलेली.
विचारतो, तुमच्याकडे पाण्यात कोण असतं?

मी म्हटलं, गिऱ्हा. खाडीत. ओहोटीला हाक मारतो,
पाय धरतो, चिखलात बसवून ठेवतो.
मामा सांगायचा, त्याचा एक केस कापून
स्वतःची मांडी चिरून आत लपवला
तर जन्मभर घरी पाणी भरतो.
हाजी मांडीवर थाप मारून हसला.
आमचा बू दर्या, म्हणाला, तसलं काही करत नाही.
रात्री बुडणाऱ्या माणसासारखा ओरडतो.
दया येऊन तुम्ही वर ओढून घेता
आणि सकाळी मोजता तर होडीत एक माणूस कमी.
उपाय एकच. सगळ्यांनी मिळून ओरडायचं,
करवत आणा! वाकस आणा!
लाकडाच्या होडीत राहणाऱ्यांची भीती
त्यालाही लागलेली असणार.

आता कुठं असतो?
हाजीनं दुकानाची पायरी दाखवली.
माझ्या बापाच्या लहानपणी समुद्र इथवर यायचा.
मग भराव घातला. मग आणखी भराव.
भरावावर बँका. बँकांपुढं पुन्हा भराव.
तो शहाणा आहे, पण म्हातारा. नवा पत्ता त्याला कुणी कळवला नाही.
पायरीला पाणी चाटत होतं,
आणि आम्ही दोघं थोडा वेळ त्याच्याकडं
कुणी बोलेल म्हणून पाहत राहिलो.

परतताना अंधार. चौकात टँकर अडलेला,
करीमनगरचा यादगिरी गुडघाभर पाण्यात
पाईप दोन्ही हातांनी खेचत होता.
काय झालं? आतून कुणीतरी ओढतंय, म्हणाला,
आणि दमून हसला.
माझ्या तोंडून निघून गेलं, करवत आणा, वाकस आणा.
त्याला मराठी कळली नाही.
पण पाईप सुटला.

घरी येऊन मरव्याचा एक चमचा गरम पाण्यात.
व्हिसा नव्याने करायचाय, मार्चपर्यंत.
पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तळघर कोरडं, मिठाचे वळ भिंतीवर.
सोळा कवळ्या सापडल्या, कपाटामागे, जिन्याखाली.
सतरावी नाही. खालच्या जबड्याची, सगळ्यात मोठी.
नोंदवहीत मी लिहिलं : पाण्यात गेली.
डॉक्टरांनी सही केली, न वाचता.