तारेआडचा भाव

दाढ काढून अठरा दिवस झाले होते.
गाल उतरलेला, टाके विरघळलेले,
मी बेफिकीर. मार्केट यार्डाच्या गेटावर
चिक्की तोडली दातांनी
आणि कानाखाली, आतल्या आत,
कट्.
वाळकी तुराटी मोडावी तसं.
आधी वाटलं, चिक्कीच मोडली.

डॉक्टर हिरेमठांनी फोटो उजेडावर धरला.
जिथं अक्कलदाढ आडवी निजली होती
तिथं खड्डा,
खड्ड्यातनं खाली उतरलेली एक रेघ, केसाएवढी.
"क्वचित होतं असं. सही घेतली होती की तुमची."
खरंय. कागदावर तेही होतं, कन्नडात नि इंग्रजीत.
सही मी मराठीत ठोकलेली.

वरचे दात खालच्या दातांना तारेनं बांधले.
सहा आठवडे.
आणि एक छोटी पक्कड दिली:
"ओकारी आली तर तार कापा. झोपतानाही खिशात पाहिजे."

मी रवळू बेळगुंदकर, रताळ्यांचा सवाल बोलणारा.
बावीस वर्षं ह्या तोंडावर दुकान चाललं.
अकराशे, अकराशे दहा, साविरद नूर इप्पत्तु,
दोन्ही भाषा एकाच दमात.

आता बायको विचारते, "काय म्हणूलालास?"
मी म्हणतो, ह्म्.
शेजारची गंगव्वा विचारते, "नोवु ऐतेनु?"
मी म्हणतो, ह्म्.
कळतं बहुतेक. नळी पुढं येते,
अंबील, सार, एकदा तर दुधात विरघळवलेला कुंदा.

चौथ्या सोमवारी मालकानं बोलावलं.
ढीग पडलेले, लाल मातीसकट.
नवा पोरगा घसा फोडूलाला, भाव काही हलेना.
मी हातावर टॉवेल पसरला,
आमच्या आप्पाच्या काळात पसरायचे तसा.
बंद झालेली चाल ती. मालक दुसरीकडं बघत राहिला.

टॉवेलाखाली बसाप्पाची बोटं धरली.
बोट म्हणजे शंभर, पेर म्हणजे दहा.
सतरा वर्षं माल घेतो माझ्याकडनं,
त्याचा हात हातात पहिल्यांदाच आला.
तळवा गार. करंगळी वाकडी,
कधीतरी मोडून तशीच जुळलेली.

विचारावंसं वाटलं, कशी मोडली गा?
खिशात पक्कड होती.

त्यानं दोन पेरं दाबली.
मी मान हलवली.
ह्म्.