अर्धा फेरा

इकेजाच्या बाजारात, रंग उडालेल्या छत्रीखाली,
ओकेझी माझ्या दोन तळहातांवर दोन हार्ड डिस्क ठेवतो.
सारख्याच. तेवढंच वजन, तेवढाच गारवा.
एकीवर छापलंय पाच हजार चारशे,
दुसरीवर सात हजार दोनशे.
मिनिटाला इतके फेरे, सिस्टर एबिएरे,
तो सांगतो, मी विचारल्यासारखं.

मी काय विचारणार?
तीन आठवडे मी एका बाईचं रडणं कापते आहे.
सुरुलेरेतली खोली, खिडकीला लावलेलं काळं कापड,
पडद्यावर तेमिसानबाई, हातात लेकाचं पत्र.
डोळ्याच्या कडेला थेंब जमतो,
सुटतो,
गालाच्या हाडापर्यंत येतो
आणि थांबतो.
लॅपटॉपच्या पोटात खरखर.
हुंदका पुढे निघून गेलेला,
तोंड मागे, अर्धवट उघडं.
मी टेबलावर बोटं वाजवते.
शेंगदाणे खाते.
थेंब तिथेच.

ओकेझी स्टूल ओढतो. त्याला समजावून सांगायला आवडतं.
वाचणारा काटा नेमक्या वर्तुळावर पोचतो, म्हणतो,
पण हवा तो तुकडा तेव्हा खाली असेलच असं नाही.
तो फिरून येईपर्यंत ताटकळायचं.
सरासरी अर्धा फेरा.

सरासरी! मला हसू येतं.
आमच्या गल्लीत वीजसुद्धा सरासरी असते.

पत्रं लिहायची, हिशेब ठेवायचा, तर हळूवाली पुष्कळ,
गरम होत नाही, बॅटरी जपून खाते.
पण तू चार चार दृश्यं एकदम उघडतेस,
मग ही घे.
फक्त पळणाऱ्याला भूक जास्त, एवढं ध्यानात ठेव.
मांडीवर घेऊन बसू नकोस.

फरक साडेतीन हजार नायरांचा.
मी तो जनरेटरच्या पेट्रोलमध्ये मोजते, मग भाड्यात,
मग बाबाफेमीच्या आवाजात:
शुक्रवारी पिक्चर अलाबात पोचला पाहिजे, एबिएरे,
शुक्रवारी म्हणजे शुक्रवारी.
पाचशे कमी करून घेते. ओकेझी कपाळाला हात लावतो,
मग स्वतःच चार स्क्रू फिरवून देतो.

रात्रभर जुनीतून नवीत सगळं ओतलं.
दोनदा वीज गेली. दोनदा पहिल्यापासून.
पहाटे गल्लीतली पोरं ओरडली, अप नेपा!
आणि पंखा हलला.

मी दृश्य लावलं.
पत्र. कडेला थेंब. सुटला, गाल, हनुवटी, कागद.
संपलं.
मी अजून खुर्ची ओढतच होते.

परत लावलं.
कुठे अडकलं नाही, खरखरलं नाही,
ओठ आणि हुंदका एका वेळी.
आणि मला काहीच झालं नाही.
एक बाई रडली, शाई फुटली, पुढचं दृश्य.

चौथ्यांदा पाहताना कळलं,
तीन आठवडे जिच्यावर मी चिडत होते
ती डिस्क माझ्याहून बरी कापत होती.
गालाच्या हाडावर तो थेंब थांबायचा तेव्हा
मी, शेंगदाणे चघळत का होईना,
त्या बाईकडे बघत राहायचे.
मला वेळ मिळायचा तिला लेक आहे हे आठवायला.

मग मीच ती चौकट धरली. अकरा चौकटी, छे, कमी.
पंधरा. सतरावर पोरकट वाटलं.
पंधरा.
आवाज काढून टाकला, फक्त बाहेरचं एक कुत्रं राहू दिलं.
नवी डिस्क इतकी चपळ
की थांबवलेलंही झरझर दाखवत होती.

दुपारी बाबाफेमी आला, उभ्यानेच पाहिलं.
थेंबापाशी त्याचा हात माऊसकडे गेला.
अजून अडकतंय? इतके पैसे घालून?

नाही, म्हटलं. आता मी अडकवलंय.

तो काही बोलला नाही. पुन्हा लाव, म्हणाला.
पुन्हा लावलं. टेबल कोमट झालं होतं.
मग त्याने घसा खाकरला
आणि डिस्कची पावती मागितली.