शेवटची सोळा पानं

गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
जिची ड्यूटी नसेल तिने ओतायची.
आज माझी पाळी.

पुस्तकं सावंतांची.
सत्तावीस वर्षं काढून ते बहरीन सोडून कायमचे निघाले
तेव्हा मिक्सर, इडलीपात्र, देव्हारासुद्धा वाटून टाकला.
हा खोका कुणी घेईना.
"बायकांनी वाचण्यासारखं नाही," सावंत म्हणाले.
त्यांच्या बायकोने तो पायानेच
माझ्याकडे सरकवला.

आत तारामती घाग, खासगी तपासनीस.
एकोणीस पुस्तकं, बहुतेकांची कव्हरं गेलेली.
आडनाव घाग आणि बाईही घागच.
कोल्हापुरात पंक्चरच्या दुकानावर तिचं ऑफिस,
उजवा गुडघा कामातून गेलेला,
वाण्याकडे चार महिन्यांची उधारी.
कुणी थोबाडीत मारली तर
फ्रिजमधली दुधाची पिशवी काढून गालाला लावते
आणि मग त्याच दुधाचा चहा करते.
हे वाक्य मी तीनदा वाचलं.

खून कोणी केला याचं मला काही नाही.
बहुधा मेव्हण्यानेच केलेला असतो.
मला आवडतं ते हे, की ती न बोलावता आत येते
आणि खुर्ची ओढून घेते.
प्रश्न विचारायचे तिला पैसे मिळतात.
आमचे कापतात.
"एवढ्या रात्री एकटी कुठे?" असं विचारलं कुणी
तर ती म्हणते, "तुम्ही कुठे होता एवढ्या रात्री?"
आणि उत्तर वहीत लिहून घेते.

मी मोठ्याने वाचते, शमीम परकार इस्त्री करते.
खेडची. दहा वर्षं झाली इथे.
"अगो, हिला भ्या नाय वाटत?"
वाटतं. पान एकशे बारा.
जिना उतरताना किल्ल्या मुठीत धरते,
टोकं बोटांमधून बाहेर.
शमीम इस्त्री उभी ठेवून म्हणाली,
"मी पण तशाच धरतंय."

अकराव्या पुस्तकाचा शेवटचा फर्माच नाही.
सोळा पानं. तीन रात्री भांडलो.
ती म्हणे कंपाउंडर, मी म्हणे डॉक्टरची बायको.
भांडता भांडता मला सवय लागली
बघायची.

म्हणजे असं, की मी दातांच्या दवाखान्यात
फोन घेते, फरशीही पुसते.
खालचं सलून त्याच मालकाचं.
तिथल्या मॅरिव्हिकची आई आजारी, तिला जायचंय,
आणि मालक म्हणतो, पासपोर्ट हरवला.
त्याच्या केबिनमध्ये दोन कॅलेंडरं.
एक यंदाचं, त्यावर अपॉइंटमेंटा.
दुसरं कपाटाशेजारी, गेल्या वर्षाचं,
खालचा कोपरा बोटांनी मळलेला.
गेल्या वर्षाची तारीख
रोज कोण बघतं?

गुरुवारी गेले. बोलावलं नव्हतं.
खुर्ची ओढली.
पाय लटपटत होते म्हणून बसले, हे खरं.
त्याला ते निराळं दिसलं असावं.
म्हटलं, "ते कॅलेंडर जुनं झालंय. काढू?"
आणि गप्प.
घाग गप्प बसते तेव्हा समोरचा बोलतो.
पान चौऱ्याहत्तर.
तो बोलला. बराच वेळ बोलला.
नियम सांगितले, उपकार सांगितले,
माझ्या व्हिसाची तारीख सांगितली, अगदी तोंडपाठ.
मी कॅलेंडरकडे बघत राहिले.
शेवटी उठला, त्यामागचा खिळा चाचपला,
किल्ली काढली, खालचा खण उघडला.

रबरबँड लावलेला गठ्ठा.
मी मॅरिव्हिकचा एक विचारायला आले होते.
मोजले. सात.
वरून तिसरा माझा,
"एम्बसीत आहे" म्हणून सांगितलेला,
दोन वर्षांपूर्वी.

त्याने तपकिरी तेवढा काढून पुढे केला,
खण लावायला हात नेला.
पुढची सोळा पानं कुणी फाडली कोण जाणे.

मी खुर्ची
आणखी पुढे ओढली.